पेन्शनची फाईल नक्की अडते कुठे? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात रिटायर झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवा असं लिहिलं होतं, तर इतकी पत्रं आली की वाचता वाचता दोन रात्री गेल्या. मी स्वतः सरकारी ऑफिसात आस्थापनेच्या टेबलवर २९ वर्षं काढलीयत, दुसऱ्यांच्या सर्व्हिस बुकात नोंदी घेण्यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे ही पत्रं वाचताना राग पण आला आणि लाज पण वाटली, कारण यातल्या निम्म्याहून जास्त फाईली ज्या टेबलवर अडल्यायत ते टेबल मला माहितीये. सगळ्यांना उत्तर देता येत नाहीये, पण सारखे सारखे येणारे प्रश्न घेतेय. नावं, गावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी राज्य सरकारच्या एका खात्यात वरिष्ठ लिपिक होतो, गेल्या वर्षी ३१ मे ला रिटायर झालो. आज अकरा महिने झाले. जीपीएफ आणि गटविम्याचे पैसे मिळाले पण पेन्शनचा रुपया नाही, ग्रॅच्युइटी नाही. ऑफिसात गेलो की म्हणतात एजीकडे गेलंय, एजीत चौकशी केली तर म्हणतात त्रुटी लावून परत पाठवलंय. ऑफिसात परत गेलो तर टेबल बदललेलं, नवीन माणूस म्हणतो मला चार्जमध्ये फाईल मिळालीच नाही. घरात मुलीचं लग्न ठरलंय. मी नक्की कुणाशी भांडू?

दादा, आधी भांडण बाजूला ठेवा आणि एक कागद मिळवा. एजीने, म्हणजे महालेखापाल कार्यालयाने (विदर्भ-मराठवाड्याचं काम नागपूरला चालतं, बाकीच्यांचं मुंबईला), प्रकरण परत पाठवलं असेल तर ते नुसतं पाठवत नाहीत, सोबत त्रुटीचं पत्र असतं. त्या पत्रात नेमकं लिहिलेलं असतं की काय कमी आहे. त्याची प्रत तुम्ही आजपर्यंत मागितली नसणार, कारण ९० टक्के लोक मागतच नाहीत, तोंडी विचारतात आणि तोंडी उत्तर घेऊन घरी येतात. साधा अर्ज करा, आवकला शिक्का मारून पोच घ्या. दिलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मागा, ३० दिवसांत द्यावंच लागतं. सोबत तुमच्या सर्व्हिस बुकाची झेरॉक्स मागा आणि फाईल कुठल्या तारखेला कोणाच्या टेबलवर होती ते पण मागा. या तीन गोष्टी हातात आल्या की अर्धं काम झालं म्हणून समजा, मग "वरून आलं नाही" हे उत्तर कोणी देऊ शकत नाही.

त्रुटी काय असतात ते पण सांगते, म्हणजे मनातली भीती जाईल. १९९६ ची, २००६ ची नाहीतर २०१६ ची वेतननिश्चिती (म्हणजे नवीन वेतन आयोगाप्रमाणे पगार ठरवणं) पडताळणी पथकाकडून तपासून घेतलेली नसते, शिक्काच नसतो. मधल्या बदलीच्या काळात दोन-चार महिन्यांच्या सेवेची नोंद नसते. एखादी रजा मंजूर झालेली असते पण आदेशाचा नंबर लिहिलेला नसतो. भाषा परीक्षा पास झाल्याची किंवा सूट मिळाल्याची नोंद नसते, संगणकाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट चिकटवलेलं नसतं. बायकोचं नाव एका फॉर्मवर एक, दुसऱ्यावर वेगळं. आता मला सांगा, यातली कुठली गोष्ट लिहिणं तुमचं काम होतं? एकही नाही. सर्व्हिस बुक कपाटात ऑफिसच्या ताब्यात असतं, दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून सही घ्यायची असते, ती सही तीस वर्षांत किती जणांची घेतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि मग माणूस रिटायर झाला की त्यालाच सांगायचं की तुमच्या बुकात नोंद नाही, तुम्ही जुन्या ऑफिसातून आणा. हे मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी नवीन टेबलवर आले तेव्हा एक शिपाईकाका दर सोमवारी पहिल्या एसटीने यायचे, साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद, वर भाकरीचा डबा. बाहेरच्या बाकावर बसायचे. साहेब जेवायला गेले की डबा उघडायचे, साहेब आले की पटकन बंद करायचे, अर्धी भाकरी तशीच. चौदा महिने झाले होते रिटायर होऊन. मी फाईल काढली तर कळलं की १९८९ पासून अडीच वर्षांची सेवा बुकात लिहिलेलीच नाही, कारण ते तेव्हा ज्या ऑफिसात होते ते पुढे बंद होऊन आमच्यात विलीन झालं होतं. सगळे म्हणत होते रेकॉर्ड मिळत नाही. मी आणि आमचा एक शिपाई रेकॉर्ड रूमला गेलो, पत्र्याची ट्रंक उघडली, वर कसर लागलेले रजिस्टर, खाली त्या बंद ऑफिसची पगारबिलांच्या स्थळप्रतींची, म्हणजे ऑफिसात ठेवलेल्या प्रतींची, गठ्ठी सुतळीने बांधलेली. महिन्या-महिन्याला काकांचं नाव, मूळ पगार, त्यांचा अंगठा नाही हो, स्वतःची वळणदार सही. चार तास लागले. चार तासांचं काम होतं ते, आणि त्यासाठी एक माणूस चौदा महिने एसटीचं तिकीट काढत होता. नोंद घेतली, साहेबांची सही घेतली, प्रकरण गेलं, दोन महिन्यांत पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आली. काकांनी पेढे आणले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

तर दादा, तुमच्या प्रकरणात पण असंच चार तासांचं काहीतरी अडलेलं असणार, ते कुठलं हे त्रुटीच्या पत्रातून कळेल.

आता तुमच्या हक्काचं बघू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे पेन्शनच्या कागदांची तयारी रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी सुरू करायची असते, आणि प्रकरण एजीकडे सहा महिने आधी पोचायला हवं. म्हणजे तुमचं प्रकरण त्याच्या आधीच्या नोव्हेंबरअखेर जायला हवं होतं. ते नक्की कुठल्या तारखेला गेलं हे जावक क्रमांकावरून कळेल, ती तारीख शोधाच. अंतिम पेन्शन अडली तर कार्यालयप्रमुखाला तात्पुरती पेन्शन सुरू करता येते, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, त्यासाठी एजीची वाट बघायची नसते. तुम्हाला ती दिली नाही याचा अर्थ कोणी प्रस्तावच टाकला नाही. उद्याच अर्ज द्या, त्यात फक्त एवढंच लिहा की अंतिम मंजुरी होईपर्यंत मला तात्पुरतं निवृत्तिवेतन द्यावं. लग्नाचं घर आहे, महिन्याला काहीतरी हातात यायला लागेल.

आणि व्याज. हे कोणी सांगत नाही म्हणून ठळक सांगते. त्याच नियमांत १२९-अ आणि १२९-ब आहेत. ऑफिसच्या चुकीमुळे उशीर झाला असेल तर ग्रॅच्युइटीवर तीन महिन्यांनंतरच्या काळाचं आणि पेन्शनवर सहा महिन्यांनंतरच्या काळाचं व्याज मिळतं, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्याची जबाबदारी निश्चित करायची तरतूद आहे. पण ते आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. पैसे आले की लोक सुटलो म्हणून गप्प बसतात. तसं करू नका, व्याजाचा अर्ज वेगळा द्या. सुप्रीम कोर्टात १९८४ साली केरळच्या पद्मनाभन नायर यांचा खटला झाला होता, ते मे १९७३ ला रिटायर झाले आणि पैसे मिळाले ऑगस्ट १९७५ ला, कारण काय तर शेवटच्या पगाराचा दाखलाच वेळेत मिळाला नाही. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही सरकारची मेहेरबानी नाही, ती माणसाची मालमत्ता आहे आणि उशीर केला तर व्याज भरा. त्याच्या आधी दोन वर्षं, १७ डिसेंबर १९८२ ला, नाकरा खटल्यात हेच तत्त्व आलं होतं, म्हणून तर १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

एवढं करून हललं नाही तर पायऱ्या अशा आहेत. दप्तर दिरंगाईचा कायदा आहे २००५ चा, त्यात एका टेबलवर फाईल साधारण सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं आहे, त्याचा उल्लेख करून विभागप्रमुखाला पत्र लिहा. लोकायुक्तांकडे जाता येतं, नोकरीतल्या बाकी तक्रारी ते घेत नाहीत पण पेन्शन, ग्रॅच्युइटी, फंड याच्या घेतात, आणि तिथून ऑफिसला पत्र आलं की फाईल चालायला लागते हा माझा अनुभव आहे. सगळ्यात शेवटी मॅट, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. तिथे मुदत असते, अर्जाला सहा महिने उत्तर आलं नाही तर पुढच्या एका वर्षात जायचं, म्हणून तर म्हणते अर्ज लेखी आणि पोच घेऊनच द्या, तोंडी चकरांची मुदत कुठेच मोजत नाहीत.

प्रश्न : मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. रिटायर व्हायला चार महिने राहिले असताना कळलं की २००८ मधली पगारनिश्चिती चुकली होती आणि मला जास्त पगार गेलाय. आता तीन लाख साठ हजार ग्रॅच्युइटीतून कापणार म्हणतात. माझी काय चूक? मी तर कधी कागद पण बघितला नाही.

सिस्टर, तुमची काहीच चूक नाही आणि हे कायद्यानेही मान्य केलंय. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१४ चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. त्यात सांगितलंय की कर्मचाऱ्याची लबाडी नसताना ऑफिसच्या चुकीने जास्त पैसे गेले असतील तर ठरावीक लोकांकडून वसुली करता येणार नाही. क आणि ड वर्गाचे कर्मचारी, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जास्तीचा पगार जात होता असे. तुम्ही तिन्हीत बसता. हा निकाल जोडून ऑफिसला आक्षेपाचं पत्र द्या, आणि मुख्य म्हणजे वसुलीला संमती आहे असं लिहून देऊ नका. ग्रॅच्युइटी लवकर हवी तर इथे सही करा असं म्हणतात, बायका घाबरून करतात. करू नका.

दोन गोष्टी खऱ्या खऱ्या सांगते. एक, वसुली थांबली तरी पगार दुरुस्त करून त्यावर पेन्शन ठरवू शकतात, ते थांबत नाही, त्यामुळे महिन्याची पेन्शन थोडी कमी निघेल. दुसरं, पगारनिश्चितीच्या वेळी तुमच्याकडून "जास्त गेल्यास परत करीन" असं वचनपत्र घेतलंय का बघा. कारण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात कोर्टाने अशा वचनपत्राच्या आधारे वसुली मान्य केली होती. पण ती व्यक्ती न्यायाधीश होती, क वर्गातली नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने भांडायला जागा आहे. वसुलीचा आदेश हातात पडला की वाट न बघता मॅटचा वकील गाठा, पैसे कापले गेल्यावर परत मिळवणं जास्त जड जातं.

आणि सिस्टर, तुम्ही करोनात काम केलंय असं पुढे लिहिलंय. तीस-बत्तीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईला शेवटच्या चार महिन्यांत हे ऐकावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. माझी पेन्शन सुरू आहे पण कधी १२ तारखेला, कधी २० ला, दिवाळीच्या महिन्यात तर पार उशिरा आली. शेजारचे तहसीलमधून रिटायर झालेले काका आहेत त्यांची १ तारखेला जमा होते. हा फरक का? बीपीच्या गोळ्या उधार आणायची वेळ आली.

बाई, फरक असा की शेजारच्या काकांची पेन्शन ट्रेझरीतून थेट जाते. तुमची एजीकडून मंजूर होत नाही, जिल्हा परिषदच करते, आणि पैसे येतात सरकारच्या अनुदानातून. अनुदान जिल्ह्याला आलं पाहिजे, तिथून पंचायत समितीला गेलं पाहिजे, तिथे बिल झालं पाहिजे, मग बँकेत यादी. या साखळीत एक जण रजेवर गेला किंवा अनुदान कमी आलं की तालुक्यातल्या सगळ्या गुरुजी-बाईंची पेन्शन थांबते. नियम तेच १९८२ चे आहेत, हक्क तोच आहे, वाट मात्र लांबची आहे.

तुम्ही एकटीने काही करू नका, तालुक्यातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून माहिती अधिकारात गेल्या बारा महिन्यांच्या फक्त तीन तारखा मागा. अनुदान पंचायत समितीला कधी मिळालं, बिल कधी तयार झालं, बँकेला कधी दिलं. दुसरं काही विचारू नका, नाहीतर उत्तर फुगवून देतात. त्या तीन तारखा समोरासमोर लिहिल्या की दिसतं, उशीर वरून होतो की खालीच आठवडाभर कागद पडून राहतो. मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी या दोघांना तो तक्ता जोडून निवेदन द्या. एक लक्षात ठेवा, जिल्हा परिषदेच्या माणसांना मॅट नाही, कोर्टात जायचंच झालं तर हायकोर्ट.

गोळ्यांचं मात्र आजच बघा, मुलांना सांगायला संकोच करू नका. बीपीची गोळी चुकवून चालत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर शिपाई होते. रिटायर होताना त्यांच्यावर चौकशी चालू होती, स्टोअरमधलं सामान कमी भरलं म्हणून. तात्पुरती पेन्शन मिळायची, ग्रॅच्युइटी अडवली होती. चौकशी पाच वर्षं चालली आणि ते मागच्या पावसाळ्यात गेले. आता ऑफिस म्हणतं चौकशी संपल्याशिवाय काही देता येणार नाही. ताई, माणूसच नाही तर चौकशी कोणाची?

वहिनी, तुम्ही जो प्रश्न विचारलाय तोच बरोबर आहे आणि कायद्याचं उत्तर पण तेच आहे. माणूस गेला की त्याच्यावरची विभागीय चौकशी तिथेच संपते, मेलेल्या माणसाला दोषी ठरवता येत नाही. १९८२ च्या त्याच पेन्शन नियमांतल्या नियम १३० प्रमाणे चौकशी चालू असेपर्यंत तात्पुरती पेन्शन द्यायची आणि ग्रॅच्युइटी थांबवायची हे ठीक होतं, पण चौकशीच संपली तर थांबवायला आधार उरत नाही. ऑफिसला मृत्यूच्या दाखल्यासह अर्ज द्या की चौकशी बंद केल्याचा आदेश काढावा, ग्रॅच्युइटी द्यावी आणि मला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावं. चौकशी बंद केल्याचा आदेश ही चावी आहे, तोच कागद नसल्यामुळे पुढचं टेबल हात लावत नाही.

अजून एक तपासा. नियम २७ प्रमाणे रिटायर झाल्यानंतर चौकशी सुरू करायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तुमच्या पत्रावरून चौकशी आधीच सुरू होती असं दिसतं, पण आरोपपत्राची तारीख आणि रिटायरमेंटची तारीख एकदा शेजारी ठेवून बघा. आरोपपत्र नंतरचं निघालं तर सगळं चित्र बदलेल.

जवळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच असतं. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एकटीने ऑफिसात जाऊन रडू नका वहिनी, तुम्ही दान मागायला जात नाही आहात.

प्रश्न : मी अजून दोन वर्षांनी रिटायर होणारे, १ जूनचा जन्म. आत्तापासून काय करू?

१ जून म्हणजे तुम्ही ३१ मे ला सुटणार, आणि शाळेत मास्तरांनी १ जून लावलेले आपल्याकडे इतके आहेत की त्या दिवशी प्रत्येक ऑफिसात हारांची रांग असते आणि नंतर आस्थापनेवर प्रकरणांचा ढीग. म्हणून तुमचं प्रकरण त्या ढिगाच्या आधी गेलं पाहिजे. या महिन्यातच अर्ज देऊन सर्व्हिस बुक बघायला मागा. पहिल्या पानापासून बसा, वही घेऊन, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक पगारनिश्चितीचा पडताळणीचा शिक्का. नावाचं स्पेलिंग, बायकोची जन्मतारीख, आधार-पॅनशी जुळतंय का. क्वार्टरमध्ये राहिला असाल तर ते सोडल्याचा आणि भाडं-वीज भरल्याचा ना-देय दाखला, जितक्या ठिकाणी राहिलात तितक्या ठिकाणचा. जुनी ऑफिसं अजून चालू आहेत, ओळखीची माणसं तिथे आहेत तोवर हे होतं, नंतर फार कष्ट पडतात. नामनिर्देशन जुनं असेल, आईच्या नावाचं, तर बदला. आणि स्वतःकडे सगळ्याची झेरॉक्स ठेवा, दोन संच, एक मुलाकडे.

प्रश्न : वडिलांना फोन आला की हयातीचा दाखला भरला नाही म्हणून पेन्शन बंद होतेय, ओटीपी सांगा. वडील सांगणारच होते, मी फोन हिसकावला. खरंच असे फोन येतात का ऑफिसातून?

नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर सही करून होतो किंवा जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवर आधार आणि बोटाच्या ठशाने नाहीतर चेहऱ्याने होतो. ट्रेझरी किंवा बँक फोन करून ओटीपी मागत नाही, पीपीओ नंबर पण मागत नाही. झालेला प्रकार बँकेत जाऊन सांगा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा, तासाभरात केला तर अडवता येतात. वडिलांच्या फोनशेजारी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, "पेन्शनसाठी कोणी फोन करत नाही."

तुम्ही सगळ्यांनीच मला पत्र लिहिताना पीपीओ नंबर, खातं नंबर लिहू नका ही विनंती, तीन जणांनी लिहिलेत, मी ते कागद फाडून टाकलेत. रिटायर झाल्याची तारीख, नोकरी कुठल्या विभागात होती, आणि शेवटचं पत्र कुठल्या तारखेचं आलं, एवढं पुरतं.